एडी रॉबिन्सन: एकच कॉलेज, ५६ वर्षं, ४०८ विजय. शेवटी त्यांना थांबवायला हवं होतं का?

वळणवाट

गेल्या महिन्यात डॅलसहून मिसिसिपीकडे गाडीने निघालो होतो. आय-२० वर ग्रॅम्बलिंगची पाटी दिसली आणि ठरलेलं नसताना गाडी आत घातली. मुलगी मागून विचारत होती, "बाबा, इथे काय आहे?" इथे एडी रॉबिन्सन यांचं संग्रहालय आहे. तिला सांगायला सुरुवात केली आणि पुढचे दोन तास गाडीत तोच विषय चालला. शेवटी तिने असा प्रश्न विचारला की मला उत्तर देता येईना. म्हणून हा धागा.

आधी थोडी ओळख. ग्रॅम्बलिंग हे उत्तर लुइझियानातलं छोटं गाव आणि तिथलं कॉलेज कृष्णवर्णीय मुलांसाठी निघालेलं. १९४१ साली तिथे २२ वर्षांचा एक तरुण फुटबॉलचा कोच म्हणून लागला. त्याआधी तो बॅटन रूजला पशुखाद्याच्या गिरणीत तासाला २५ सेंटवर काम करत होता. कॉलेजात पगार महिन्याला ६३.७५ डॉलर. हाताखाली माणूस नाही, मदतीला रात्रीचा पहारेकरी तेवढा. मैदानाचं गवत हाच कापणार, चुन्याच्या रेघा हाच मारणार, वर्तमानपत्राला मॅचची बातमी हाच लिहून पाठवणार. बाहेरगावी जाताना खेळाडूंसाठी सँडविच बांधून घ्यायची तीही यानेच, कारण वाटेतल्या हॉटेलांत काळ्या मुलांना बसू देत नसत.

पहिल्या हंगामात ३ जिंकले, ५ हरले. दुसऱ्या वर्षी, १९४२ मध्ये, ९ पैकी ९ सामने जिंकले आणि त्या नऊ सामन्यांत समोरच्या संघांना मिळून एकही गुण मिळाला नाही. मग युद्धामुळे दोन वर्षं कॉलेजचं फुटबॉल बंद राहिलं. ते सोडलं तर १९९७ पर्यंत हा माणूस तिथेच. ४०८ विजय, १६५ पराभव, १५ बरोबरी.

मी वीसेक वर्षांपूर्वी शेजारच्या रस्टनला एम. एस. करत होतो. आमचे घरमालक ग्रॅम्बलिंगचे, सत्तरच्या दशकात तिथल्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचे. रॉबिन्सन सकाळी साडेसहाला हातात घंटा घेऊन खेळाडूंच्या वसतिगृहात फिरायचे, मुलांना वर्गात जाण्यासाठी उठवायला. सरावासाठी नव्हे, वर्गासाठी. घरमालक हे सांगताना चमचा घेऊन चहाच्या ग्लासवर वाजवायचे, एक खोली, दुसरी खोली, तिसरी खोली करत टेबलाच्या कडेने हात सरकवत न्यायचे. एप्रिल २००७ मध्ये रॉबिन्सन गेले तेव्हा मी तिथेच होतो. त्या दिवशी घरमालक काळा-सोनेरी टाय बांधून पायरीवर नुसते बसून होते.

आता मुलीचा प्रश्न. शेवटची तीन वर्षं संघ हरत होता: १९९५ मध्ये ५-६ (म्हणजे ५ विजय, ६ पराभव), पुढची दोन्ही वर्षं ३-८. १९९६ च्या शेवटी कॉलेजला वाटलं, आता यांनी थांबावं. माजी विद्यार्थी आणि चाहते खवळले, मग आणखी एक वर्ष मिळालं, आणि तेही हरण्यातच गेलं. ती म्हणाली, "बाबा, त्यांना कोणी प्रेमाने आधीच का नाही सांगितलं?"

तुम्हाला काय वाटतं? सांगायला हवं होतं का?

---

शिट्टी

धागा आवडला. मला या खेळातलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे बाळबोध प्रश्न: ४०८ म्हणजे नक्की किती मोठं? आमच्या क्रिकेटमध्ये रणजीचा कोच किती सामने जिंकला हे कोणी मोजतच नाही.

---

वळणवाट

@शिट्टी, कॉलेज फुटबॉलचा हंगाम असतो जेमतेम तीन महिन्यांचा, त्या काळी सामने दहा-अकरा, आठवड्याला एक. म्हणजे वर्षाला आठ जिंकले तरी चारशे व्हायला पन्नास वर्षं लागतात. अलाबामाचे बेअर ब्रायंट यांना तिथे देव मानतात, त्यांचे विजय ३२३. रॉबिन्सन यांनी ५ ऑक्टोबर १९८५ ला डॅलसच्या कॉटन बोल मैदानावर प्रेअरी व्ह्यूला हरवून ३२४ वा विजय मिळवला. १९६० ते १९८६ अशी सलग २७ वर्षं त्यांच्या संघाने हरण्यापेक्षा जास्त सामने जिंकले.

आणि हो, हा हाताने खेळायचा फुटबॉल. त्यावरून धागा भरकटू नये म्हणून आधीच सांगतो.

---

पट्टीचा_पोहणारा

नाव हातफुटबॉल ठेवा आणि विषय संपवा :)

---

चौथा_डाव

थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. मी बारा वर्षं अटलांटात आहे, शनिवारी दुसरं काही बघत नाही. ४०८ चा आकडा मोठा आहेच, पण ब्रायंट ज्यांच्याशी खेळले ते संघ आणि ग्रॅम्बलिंग ज्यांच्याशी खेळलं ते संघ यांत फरक आहे. ग्रॅम्बलिंगचे सामने बहुतेक त्यांच्यासारख्याच छोट्या कॉलेजांशी झाले. जॅक्सन स्टेट, सदर्न, अल्कॉर्न, प्रेअरी व्ह्यू. तालुक्यातली कुस्ती आणि हिंदकेसरी एका तागडीत तोलता येत नाही. रॉबिन्सन थोर होते, पण थोरवी विजयांच्या आकड्यावर उभी करू नये.

---

काळी_माती

@चौथा_डाव, तुमचं शेवटचं वाक्य पटलं. आधीची तीन अजिबात पटली नाहीत.

तालुक्यातली कुस्ती म्हणताय, पण हिंदकेसरीच्या आखाड्यात त्यांना उतरू कोण देत होतं? दक्षिणेतली मोठी सरकारी विद्यापीठं काळ्या खेळाडूला घेत नव्हती आणि काळ्या कॉलेजांशी खेळतही नव्हती. रॉबिन्सन ज्या बॅटन रूजमध्ये वाढले तिथेच एल.एस.यू.चं, म्हणजे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचं, भलंमोठं स्टेडियम आहे. त्या विद्यापीठात त्यांना ना शिकता आलं असतं, ना शिकवता. एम. ए. त्यांनी १९५४ मध्ये थेट आयोवाला जाऊन केलं. नकाशा काढून अंतर बघा.

याचा दुसरा अर्थ असा की दक्षिणेतले सगळ्यात ताकदवान, सगळ्यात वेगवान काळे खेळाडू याच छोट्या कॉलेजांत होते. त्यामुळे तो "तालुका" वाटतो तेवढा लहान नव्हता. पुरावा हवा असेल तर व्यावसायिक लीगमध्ये बघा, तिथे शेवटी सगळे एकाच मैदानात येतात. ग्रॅम्बलिंगचे २०० हून जास्त खेळाडू तिथे पोचले. विली डेव्हिस, विली ब्राऊन, बक ब्युकॅनन आणि चार्ली जॉइनर हे चौघं तर हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे व्यावसायिक खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, आहेत. ए.एफ.एल. ही तेव्हाची एक व्यावसायिक लीग; १९६३ मध्ये तिचे संघ कॉलेजांतले नवे खेळाडू निवडत होते, तेव्हा ब्युकॅनन यांना सगळ्या देशातून पहिलं उचललं. एवढ्याशा गावातून!

सुरुवात झाली टँक यंगरपासून. १९४९ साली लॉस एंजेलिस रॅम्सने त्यांना घेतलं. काळ्यांच्या कॉलेजातून एन.एफ.एल. या मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये गेलेला हा पहिला खेळाडू. निघताना रॉबिन्सननी त्यांना बजावलं होतं की तू तिथे टिकला नाहीस तर आपल्या कॉलेजातून दुसऱ्या कोणाला पुन्हा कधी बोलावतील याचा नेम नाही. पोरगा विशीतला, आणि पाठीवर हे ओझं. यंगर दहा हंगाम खेळले.

---

नाद_करायचा_नाय

काळी माती, एक नंबर प्रतिसाद भावा! अंगावर काटा आला.

---

गोदाकाठ

मला खेळातलं फार कळत नाही, पण त्या कॉलेजचा इतिहास मी थोडा वाचला आहे, तो इथे सांगावासा वाटतो. उत्तर लुइझियानातल्या काळ्या शेतकऱ्यांनी १८९६ मध्ये एकत्र येऊन संघटना केली आणि आपल्या मुलांसाठी शाळा काढायचं ठरवलं. शिकवायला माणूस द्या म्हणून त्यांनी अलाबामातल्या टस्कीगीला, काळ्यांच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या बुकर टी. वॉशिंग्टन यांच्याकडे मागणी केली. त्यांनी चार्ल्स अॅडम्स यांना पाठवलं आणि १९०१ मध्ये शाळा सुरू झाली. ज्यांचे आईबाप गुलाम होते त्या शेतकऱ्यांनी उभी केलेली ही संस्था. रॉबिन्सन आले तेव्हा तिचं नावसुद्धा लांबलचक होतं आणि त्यात "निग्रो" हा शब्द होता. ग्रॅम्बलिंग हे नाव १९४६ मध्ये मिळालं.

हे वाचताना कर्मवीर भाऊराव पाटलांची आठवण येणं साहजिक आहे, पण मला आणखी मागे जावंसं वाटतं. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये "गुलामगिरी" अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. आपल्या लोकांनीही त्यातून धडा घ्यावा, ही त्यांची आशा त्या अर्पणपत्रिकेतच आहे. म्हणजे पुण्यात बसून ज्या मुक्त झालेल्या माणसांचा विचार जोतीराव करत होते, त्यांच्याच मुलांनी २३ वर्षांनी ही शाळा काढायला घेतली. हा धागा माझ्यासाठी परक्या देशातल्या खेळाचा राहिलेला नाही.

---

वळणवाट

@गोदाकाठ, खूप खूप आभार. १८९६ चं मला माहीत नव्हतं. मुलीला आज हेच सांगणार.

---

मधली_सुट्टी

साडेसहाच्या घंटेवरून आमचे पी.टी.चे सर आठवले. सांगली जिल्ह्यातली शाळा, नाव सांगत नाही. आम्ही कबड्डीचे बारा जण. सर पहाटे सायकलवर दारात यायचे आणि घंटी वाजवायचे, दोनदा वाजवून थांबायचे. तिसऱ्यांदा वाजली तर आई स्वतः ओढून बाहेर काढायची. सर पुढे सायकलवर, आम्ही मागे पळत. आणि रॉबिन्सन यांच्यासारखंच, खेळाआधी वर्ग: नववीत गणितात नापास झालेल्या दोघांना सरांनी जिल्ह्याच्या सामन्याला नेलं नाही. आम्ही तो सामना हरलो. त्या वेळी त्यांचा इतका राग आला होता की आठवडाभर त्यांच्याशी बोललो नाही. त्या दोघांतला एक आज प्राथमिक शिक्षक आहे.

नंतर संस्थेने सरांना विनाअनुदानित म्हणून वर्षानुवर्षं अर्ध्या पगारावर ठेवलं. त्याचं दुःख अजून जात नाही.

---

शिट्टी

मधली_सुट्टी, आमच्याकडे शिवाजी पार्कवर आचरेकर सर. सचिनला स्कूटरवर मागे बसवून या मैदानावरून त्या मैदानावर न्यायचे, एका दिवसात जितके सामने खेळवता येतील तितके खेळवायचे. स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवायचे, जो सचिनला बाद करेल त्याला ते, नाबाद राहिला तर सचिनला. स्कूटर, सायकल आणि घंटा. या लोकांची वाहनं आणि वाद्यं लक्षात राहतात.

---

चौथा_डाव

@काळी_माती, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. "उतरू कोण देत होतं" याला माझ्याकडे उत्तर नाही. मुद्दा मागे घेतो.

आणि प्रायश्चित्त म्हणून डग विल्यम्सबद्दल मीच लिहितो, कारण हा विषय त्यांच्याशिवाय पुरा होणार नाही.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी: क्वार्टरबॅक म्हणजे मैदानावर डाव ठरवणारा आणि चेंडू फेकणारा. संघाचं डोकं. व्यावसायिक संघांचे मालक आणि कोच अनेक वर्षं असंच धरून चालले होते की काळा माणूस पळू शकतो, धडक देऊ शकतो, पण डाव चालवणं त्याला जमणार नाही. कॉलेजात क्वार्टरबॅक असलेल्या काळ्या मुलाला तिथे गेल्यावर दुसऱ्या जागी खेळवायचे. रॉबिन्सननी ठरवून या समजुतीवर घाव घातला. जेम्स हॅरिस नावाच्या मुलाला त्यांनी चार वर्षं फक्त या एका कामासाठी तयार केलं. १९६९ मध्ये बफेलोच्या व्यावसायिक संघाने हॅरिसना हंगामाच्या पहिल्याच सामन्यात क्वार्टरबॅक म्हणून उतरवलं. पुढे त्यांनी लॉस एंजेलिस रॅम्सला बाद फेरीत नेलं.

मग आले डग विल्यम्स. लुइझियानातल्याच झॅकरीचे. १९७८ मध्ये टँपा बे संघाने निवडीच्या पहिल्या फेरीत घेतलं. मधली वर्षं खडतर गेली. ३१ जानेवारी १९८८, सॅन दिएगो, सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक लीगचा अंतिम सामना. वॉशिंग्टनकडून विल्यम्स. आदल्या दिवशी दाताचं रूट कॅनाल झालेलं. पहिल्या पावात (सामन्याचे चार पाव असतात) डेन्व्हर १०-० ने पुढे आणि विल्यम्सचा गुडघा मुरगळलेला, लंगडत बाहेर गेलेले. परत आले. दुसऱ्या पावात, म्हणजे घड्याळाच्या पंधरा मिनिटांत, वॉशिंग्टनने ३५ गुण केले. त्यात विल्यम्सचे चार टचडाउन पास, म्हणजे ज्यांवर थेट गुण मिळाले अशा फेकी. सामना संपला ४२-१०. सुपर बोल जिंकणारा पहिला काळा क्वार्टरबॅक आणि त्या सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू.

तो दुसरा पाव मी ध्वनिचित्रफितीवर किती वेळा पाहिलाय सांगता येणार नाही. ८० यार्डांचा पहिला पास रिकी सँडर्सला. चेंडू हातातून सुटतो तेव्हा विल्यम्सचा दुखरा पाय किंचित मागे राहतो, बघा.

---

नाद_करायचा_नाय

रूट कॅनाल केल्यावर मी तीन दिवस खिचडी खाल्ली होती. हा माणूस सुपर बोल जिंकतोय!

---

काळी_माती

@चौथा_डाव, मनापासून धन्यवाद. मुद्दा मागे घेणारे लोक अलीकडे दुर्मीळ झालेत.

---

अबोली_रत्नागिरी

सगळे कोचबद्दल बोलताय. रॉबिन्सन नेहमी अभिमानाने म्हणायचे की मला एकच नोकरी आणि एकच बायको. त्या डोरिसबाईंबद्दल कोणी बोलेल का? लग्न १९४१ मध्ये, म्हणजे नोकरी लागली त्याच वर्षी. नवरा पहाटे वसतिगृहात, दिवसा वर्ग आणि सराव, शनिवारी सामना, सुट्टीत खेडोपाडी फिरून नवी मुलं शोधायला. हे ५६ वर्षं. घर कोणी चालवलं? ज्या शेकडो मुलांना त्यांनी मुलासारखं वाढवलं, त्यांच्यासाठी दुसरी कोणी माणसं घरी जेवायची थांबली असणार. माझे वडील शाळेत मुख्याध्यापक होते म्हणून हे लिहितेय. आमच्या घरी ताटं वाढून ठेवलेली असायची.

---

वळणवाट

@अबोली, हे माझ्या मूळ लेखात यायला हवं होतं. डोरिसबाई जवळजवळ ६६ वर्षं त्यांच्यासोबत होत्या. शेवटची काही वर्षं रॉबिन्सन यांना अल्झायमर होता. तेव्हा त्यांना सांभाळणारीही घरचीच माणसं.

---

पट्टीचा_पोहणारा

मगाशी गंमत केली, आता एक ऐकलेली गोष्ट. युद्धाच्या दोन वर्षांत रॉबिन्सन गावच्या हायस्कूलचा संघ बघत होते. अंतिम सामना तोंडावर आला आणि संघातल्या दोन भावांना वडिलांनी घरी थांबवलं, कापूस वेचायचा राहिला होता. रॉबिन्सन अख्खा संघ घेऊन त्या शेतावर गेले, सगळ्यांनी मिळून कापूस वेचला, आणि पोरं सामन्याला आली. तो सामना जिंकले असंही सांगतात.

आम्ही यवतमाळचे. वेचणीच्या दिवसांत शाळेत अर्धा वर्ग नसतो हे मला पाठ आहे. बोंड उकललं की बाप पोराला शाळेत पाठवत नाही, त्यात त्याची चूक नसते. बोंडाच्या टोकाने नखांच्या बाजूची कातडी फाटते, संध्याकाळी मीठ लागलं तरी चुरचुरतं. तशा हातांनी दुसऱ्या दिवशी चेंडू धरायचा. बापाला उपदेश न करता त्याचा कापूस वेचून देणारा मास्तर आम्हाला मिळाला असता तर माझा मोठा भाऊ दहावी झाला असता.

---

मधली_सुट्टी

पोहणारे, हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

---

दुपारचा_चहा

थोडं अवांतर, बँडवाल्या घरमालकांसाठी. पहिल्या सुपर बोलच्या मध्यंतरात, जानेवारी १९६७ मध्ये, ग्रॅम्बलिंगचा बँड वाजवायला होता. आणि १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियममध्ये ग्रॅम्बलिंग विरुद्ध मॉर्गन स्टेट सामन्याला ६०,००० हून जास्त लोक आले. १९७६ मध्ये तर हाच सामना टोकियोत खेळवला, आशियात! जो संघ कधीकाळी वाटेतल्या हॉटेलात बसून जेवू शकत नव्हता, तो विमानाने जपानला गेला. यामागे रॉबिन्सन यांच्याइतकेच कॉलेजचे प्रसिद्धीप्रमुख कॉली निकल्सन होते. त्यांचं नावही धाग्यात असावं.

---

चौथा_डाव

मूळ प्रश्नाकडे येतो. शेवटच्या तीन वर्षांत संघ का हरला, हे बघितल्याशिवाय थांबवायला हवं होतं का हे ठरवता येणार नाही.

१९७० मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा संघ बर्मिंगहॅमला येऊन अलाबामाला ४२-२१ ने हरवून गेला, आणि त्या दिवशी सॅम कनिंगहॅम या काळ्या खेळाडूने अलाबामाची फळी अक्षरशः फोडली. पुढच्या वर्षी अलाबामाच्या संघात काळे खेळाडू उतरले. बघता बघता दक्षिणेतल्या सगळ्या मोठ्या विद्यापीठांनी दारं उघडली. शिष्यवृत्ती, मोठी स्टेडियम, दूरचित्रवाणी. लुइझियानातला जो मुलगा पूर्वी ग्रॅम्बलिंगलाच आला असता, तो आता एल.एस.यू.ला जाऊ लागला.

म्हणजे ज्या दिवसासाठी रॉबिन्सननी यंगर, हॅरिस, विल्यम्स घडवले, तो दिवस उगवला आणि त्यांच्याच संघातली पोरं घेऊन गेला. मी त्यांना यासाठी सगळ्यात जास्त मानतो. त्यांनी उघडलेल्या दारातून मुलं दुसरीकडे निघून जात होती आणि ते गवत कापत, रेघा मारत तिथेच राहिले. तेव्हा ३-८ मध्ये सगळा दोष वयाचा नव्हता.

---

काळी_माती

अनुमोदन, पण पूर्ण नाही. विल्यम्सना घडवले तेव्हाही दारं उघडलेलीच होती, ते सत्तरच्या दशकातले. आणि शेवटच्या काळात संघावर नियमभंगाची चौकशी लागली होती. ७७-७८ व्या वर्षी माणसाचं सगळीकडे लक्ष राहत नाही. इतकं प्रेम करणाऱ्या लोकांनी त्यांना १९९५ मध्ये, ४०० वा विजय झाल्यावर, खांद्यावर घेऊन घरी न्यायला हवं होतं. ऑक्टोबर १९९५ मध्ये तो विजय झाला. त्यानंतर मिळाले फक्त आठ. त्या आठ विजयांसाठी दोन वर्षं त्यांना "आता बस्स" हे ऐकावं लागलं. माझं उत्तर: हो, सांगायला हवं होतं, आणि लवकर.

---

दुपारचा_चहा

त्या आठ विजयांचीही एक गोष्ट आहे. पेन स्टेटचे जो पॅटर्नो २०११ मध्ये ४०९ वर पोचले आणि रॉबिन्सन मागे पडले. मग तिथल्या एका माजी सहायक कोचने मुलांवर केलेले अत्याचार उघड झाले. २०१२ मध्ये कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने पॅटर्नोंचे १११ विजय काढून घेतले आणि डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीत, रॉबिन्सन पुन्हा पहिले. २०१५ मध्ये ते विजय परत दिले आणि रॉबिन्सन पुन्हा दुसरे. हे सगळं रॉबिन्सन गेल्यानंतर. खालच्या श्रेणीत जॉन गॅग्लियार्डी २००३ मध्येच पुढे गेले होते, ४८९ वर थांबले. सांगायचं काय, तर पहिला-दुसरा हे नंतर कोणीतरी कार्यालयात बसून ठरवतं.

---

सांजसावली

बरेच दिवस फक्त वाचते, आज लिहिते.

माझे बाबा एस.टी.त चालक होते. निवृत्त झाल्यावर सहा वर्षांनी विसरायला लागले. पत्ता विसरले, आमची नावं विसरले, पण संध्याकाळी साडेचार झाले की शर्टाची वरची गुंडी लावून दारात उभे राहायचे. त्यांची शेवटची फेरी साडेचारची होती. आम्ही सुरुवातीला समजवायचो, "बाबा, नोकरी संपली." ते दर वेळी नव्याने ऐकायचे, आणि दर वेळी चेहरा तसाच पडायचा. मग आम्ही सांगणं सोडलं. भाऊ त्यांना हाताला धरून चौकापर्यंत नेऊन आणायचा.

वळणवाट यांच्या मुलीला माझ्याकडून सांगा: प्रेमाने सांगितलं तरी "आता थांबा" हे प्रेमाने ऐकू येत नाही. रॉबिन्सन २२ व्या वर्षापासून तेच करत होते. त्यांना एक वर्ष जास्त मिळालं, ते हरले, पण शेवटच्या सामन्याला जाताना त्यांना माहीत होतं की हा शेवटचा. मला ते मोलाचं वाटतं. ज्यांनी ते वर्ष मागून घेतलं त्यांचं बरोबर होतं.

---

काळी_माती

सांजसावली ताई, तुमच्यापुढे मी वाद घालणार नाही. माझं मत बदललंय असं म्हणत नाही, पण आता ते तितक्या खात्रीचं राहिलं नाही.

---

अबोली_रत्नागिरी

सांजसावली, लिहीत राहा गं.

---

वळणवाट

काल रात्री रस्टनला घरमालकांना फोन केला. आता ७२ वर्षांचे आहेत, आवाज तसाच. त्यांनाच विचारलं. ते २९ नोव्हेंबर १९९७ ला न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये होते, सदर्नविरुद्धचा दर वर्षीचा सामना, बायू क्लासिक, रॉबिन्सन यांचा शेवटचा सामना. ३०-७ ने हरले. मी विचारलं, वाईट वाटलं? म्हणाले, सात गुण कोणी केले ते आता आठवत नाही. सामना संपल्यावर सदर्नचे लोकसुद्धा उभे होते एवढं आठवतं.

मग २००७ चं बोलले. रॉबिन्सन यांचं पार्थिव बॅटन रूजला, राज्याच्या कॅपिटॉल इमारतीत दर्शनासाठी ठेवलं होतं. घरमालक चार तास गाडी चालवत गेले होते. रांगेत त्यांच्या पुढे एक म्हातारे गृहस्थ होते. शवपेटीपाशी आल्यावर त्यांनी खिशातून घड्याळ काढलं, वेळ बघितली आणि परत ठेवलं. का, ते घरमालकांनी विचारलं नाही. मलाही विचारावंसं वाटलं नाही.

रॉबिन्सननंतर कोच कोण झालं माहितीये ना? १९९८ पासून डग विल्यम्स. सुपर बोल जिंकलेला माणूस त्याच मैदानावर परत आला.

मुलीला सांजसावलींचा प्रतिसाद वाचून दाखवला. मराठी सगळं कळलं नाही, "चौकापर्यंत" म्हणजे काय ते विचारलं. मग म्हणाली, आपण पुन्हा जाऊ या.

---

शिट्टी

संग्रहालयाची वेळ काय? मार्चमध्ये ह्युस्टनला भावाकडे येतोय, तो म्हणतो तिकडे जाऊ.

---

वळणवाट

@शिट्टी, निघण्याआधी फोन करून खात्री करा, छोटं गाव आहे. ह्युस्टनहून पाच तास धरा. आणि कोणाला जमणार असेल तर बायू क्लासिक थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी न्यू ऑर्लिन्सला असतो. मी चार तिकिटं काढतोय, घरमालकही येतायत. मध्यंतरात जागेवरून उठू नका असं त्यांनी आधीच बजावलंय. बँड तेव्हाच असतो.

---

चौथा_डाव

अटलांटाहून दोन. माझं नाव लिहून घ्या.